घड्याळापुरती जागा

बदलापूर पूर्वेच्या आमराई सोसायटीत नरेंद्र शेडगेला टेक्निकल माणूस समजत. हा समज मूळचा त्याचा स्वतःचा. पण मागे एकदा लिफ्टमधली बाई "कृपया दरवाजा बंद करा" हे एकच वाक्य दिवसभर म्हणत सुटली होती, तेव्हा नरेंद्रने आत हात घालून कुठलीशी वायर उपटली आणि ती बाई कायमची गप्प झाली. त्या दिवसापासून सोसायटीनेही तो समज मान्य केला. कोणाचा मोबाइल अडला, कोणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, की नरेंद्रला बोलावणं येई. तो जाई, ती वस्तू बंद करून पुन्हा चालू करी आणि चहा घेऊन परत येई. दिवसभर अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात डबे मोजणाऱ्या माणसाला एवढा मान पुष्कळ होता.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना त्याच्या बायकोला चालण्याचं वेड लागलं.

चालणं म्हणजे डॉक्टर सांगतात ते नव्हे. शर्यतीतलं चालणं. त्यात धावायचं नसतं, पण धावणाऱ्याला लाज वाटेल इतकं भरभर जायचं असतं, आणि एक तरी पाय सतत जमिनीला टेकलेला असावा लागतो. दोन्ही उचलले की ते धावणं झालं आणि माणूस बाद. त्यामुळे कंबर अशी काही हलते की मनाली सकाळी गेटमधून बाहेर पडली की सेक्रेटरी धोंडिबाकाका घाईघाईने कुंड्यांना पाणी घालायला लागत. मनालीला त्याचं काही नव्हतं. पतसंस्थेच्या काउंटरमागे वीस वर्षं बसून काढलेली बाई, चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला कळलं की आपल्याला एक गोष्ट फार चांगली येते. मागच्या वर्षी प्रौढांच्या राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडला, त्यात ती अगदी थोडक्यात राहिली. त्यानंतर ती आठवडाभर नीट जेवली नव्हती. या वर्षी तिला त्या संघात जायचंच होतं.

नेमकं या वर्षी निवडीचं मैदान कुठल्याशा कामासाठी खणून ठेवलेलं. म्हणून जिल्ह्याच्या संघटनेने चाचणी व्हिडिओवर घ्यायचं ठरवलं. एक किलोमीटर सात मिनिटांच्या आत, व्हिडिओ सलग हवा, मधे काटछाट चालणार नाही, आणि पडद्यावर घड्याळ दिसलं पाहिजे.

"स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊ," मनाली म्हणाली. "मोठं आहे, सेकंदकाटा आहे. मागच्या शेतातले हरिचंद्रभाऊ हातात धरून उभे राहतील."

नरेंद्रला हे फार लागलं. घरात टेक्निकल माणूस असताना भिंतीवरचं घड्याळ! पुण्याला शिकणारी त्यांची मुलगी ऋतिका फोनवर म्हणाली, "बाबा, व्हिडिओ मला पाठवा, दोन मिनिटांचं काम आहे." हे तर त्याहून लागलं. दोन मिनिटांचं काम असेल तर ते बाप करू शकत नाही असं तिला म्हणायचं होतं काय?

"काही गरज नाही," तो म्हणाला. "नुसता व्हिडिओ काढू. घड्याळ मागाहून कोपऱ्यात चिकटवता येतं. हल्ली सगळं मागाहूनच करतात."

शूटिंग हरिचंद्र भोपींच्या शेतात झालं. हे सोसायटीच्या मागच्या जमिनीचे मालक. जांभूळ गावाच्या बाजूला त्यांनी एक लांबच लांब सरळ पट्टी रोलर फिरवून बैलांच्या शर्यतीच्या सरावासाठी ठेवली होती. त्यांचा लाडक्या नावाचा बैल पंचक्रोशीत नावाजलेला. मनाली रोज पहाटे तिथे चाले आणि लाडक्या बांधावर उभा राहून तिच्याकडे बघे. हरिचंद्रभाऊंनी स्वतः टेप लावून पट्टी मोजून दिली. जाऊन-येऊन दोनदा केलं की किलोमीटर पुरा.

"वैनीचा पाय हलका हाय," ते नरेंद्रला म्हणाले. "आमचे लाडक्याचा पन असाच. तुमी बगलाव का कदी?"

नरेंद्र त्या वेळी मोबाइल कपड्याने पुसत होता, त्यामुळे त्याने नुसतं "हो हो" केलं.

मनाली त्या दिवशी जशी चालली तशी आयुष्यात चालली नव्हती. नरेंद्र हरिचंद्रभाऊंच्या पुतण्याच्या, धर्मेशच्या, मोटरसायकलवर मागे बसून बाजूबाजूने व्हिडिओ काढत होता. कोपऱ्यात घड्याळ यायचं आहे हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं, म्हणून त्याने मोबाइल जरा वरच धरून घड्याळापुरती जागा मोकळी सोडली. ही दूरदृष्टी. शेवटची रेघ ओलांडून मनाली बांधावर बसली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती हसत होती. "साताच्या आत आहे," ती म्हणाली. "माझ्या पायांना कळलंय. आता फक्त तुमचं घड्याळ."

आणि इथून नरेंद्रचे दिवस फिरले.

पहिलं ॲप फुकट होतं. त्याने घड्याळ लावलं, पण मनालीच्या कपाळावर. ते उचलून कोपऱ्यात न्यायला जावं तर मधे एक माणूस येऊन गुडघेदुखीचं तेल विकायला लागे. घड्याळ एकदाचं कोपऱ्यात बसलं, तर दुसऱ्या कोपऱ्यात ॲपवाल्याचं माकड येऊन बसलं आणि दर थोड्या वेळाने टाळ्या वाजवायला लागलं. माकड काढायचं म्हणून नरेंद्रने ऋतिकाचा जुना लॅपटॉप उघडला. त्याच्या माउसचा सेल गेलेला. तो स्वयंपाकघरात गेला, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून माउसमध्ये घातला, आणि मनालीला सांगितलं की उद्या नवा आणतो.

माकड गेलं. मग खरं दुखणं कळलं. व्हिडिओच्या सुरुवातीला जवळजवळ मिनिटभर नरेंद्रचाच आवाज होता. "थांब गं... लाल ठिपका आला का... हे चालू आहे की बंद आहे... धर्मेश, जरा बघ रे." मनाली बिचारी तोवर एक पाय पुढे टाकून उभी. आणि ॲपचं घड्याळ व्हिडिओ सुरू झाल्या झाल्या पळायला लागे. म्हणजे ती निघायच्या आधीच मिनिट संपलेलं, आणि शेवटच्या रेघेवर आकडा सातच्या बराच पुढे. सुरुवात कापायची सोय नाही, कारण व्हिडिओ सलग हवा. घड्याळ मनालीबरोबर निघायला हवं होतं, आणि ते नरेंद्रच्या बडबडीबरोबर निघत होतं.

ही अडचण त्याने मोठ्या मनाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. ती त्याची चूक. पहिला सल्ला आला की घड्याळ निळ्या रंगात घ्या, शुभ असतं. दुसऱ्याने लिफ्ट कधी बोलणार ते विचारलं. धोंडिबाकाका मात्र जातीने घरी आले.

"व्हिडिओ पळव थोडासा," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "किंचित. कोणाला कळतंय?"

"काका, हा तत्त्वाचा प्रश्न आहे," नरेंद्र म्हणाला.

काका गेल्यावर त्याने नुसतं बघण्यापुरतं करून पाहिलं. मनाली ठीकच दिसत होती, पण बांधावरच्या लाडक्याची शेपटी पंख्यासारखी फिरायला लागली. त्याने ते गुपचूप पुसून टाकलं.

मग त्याने संघटनेत फोन लावला.

"घड्याळ शून्यापासून कधी सुरू व्हायला हवं, साहेब? व्हिडिओ सुरू झाल्यावर की स्पर्धक निघाल्यावर?"

"घड्याळ दिसलं पाहिजे," पलीकडचे गृहस्थ म्हणाले.

"ते दिसेल हो. पण कधीपासून?"

"अटीत 'कधीपासून' असं काही नाही. तुम्ही लेखी विचारा."

"लेखी विचारलं तर उत्तर कधी येईल?"

"मुदतीनंतर," गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि फोन ठेवला.

रोज संध्याकाळी मनाली दारातून आत येता येता विचारी, "झालं का घड्याळ?" आणि नरेंद्र म्हणे, "होतंच आलंय." लॅपटॉपसमोर बसून तो पुन्हा पुन्हा तोच व्हिडिओ लावी आणि कोपऱ्याकडे डोळे ताणून बघे. त्याला झोपेतही आकडे पळताना दिसायला लागले. मनाली दोनदा म्हणाली, "ऋतिकाला पाठवा ना." दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात चिडचिड नव्हती, भीती होती. ती नरेंद्रला ऐकू आली, पण आता इतक्या पुढे येऊन मुलीपुढे हात टेकायचे म्हणजे फारच झालं. त्याने कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि उल्हासनगर गाठलं.

तिथे कॅम्प एक या वस्तीत एका दुकानाच्या माळ्यावर लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ होता. सिंधी मालकाला अख्खा बाजार दादा साईं म्हणे. त्यांनी नरेंद्रला गादीवर बसवलं, पापड दिला, पाणी दिलं आणि सगळी हकीकत डोळे मिटून ऐकली.

"साईं, आप फिकर ही मत करो," ते म्हणाले. "घड़ी मैं ऐसी लगाऊँगा के लोग भाभीजी को नहीं देखेंगे, घड़ी को देखेंगे."

"बस, तेच पाहिजे," नरेंद्र म्हणाला, आणि त्याला गलबलून आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला समजून घेत होतं.

घड्याळ खरोखर देखणं झालं. सोनेरी, भोवती मोत्यांची महिरप, आणि मनालीने पाऊल टाकताक्षणी शून्यापासून सुरू होणारं. पण मनाली जिथे वळली तिथे वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. आणि चेहरा कॅमेऱ्याकडे आला की ती एकदम संथ होऊन, केसांची बट हळूच उडवत, तरंगत यायची. घड्याळ बिचारं प्रामाणिक, ते आपल्या गतीने चालूच. किलोमीटरला अकरा मिनिटं लागली.

"दादा, ही शर्यत आहे हो! हे स्लो कशाला केलं?"

"भाभीजी का वॉक है, साईं," दादा दुखावले. "स्लो में ही तो ग्रेस आता है. बीस साल से सब दुल्हनें स्लो में ही आती हैं."

शेवटी दोन बदाम एकमेकांत अडकून त्यात 'मनाली' आणि 'नरेंद्र' अशी नावं आली. नरेंद्र जिना उतरला तेव्हा मुदतीचा शेवटचा दिवस उरला होता आणि त्याच्या हातात पापड होता.

त्या दिवशी सोसायटीच्या गेटवरच हरिचंद्रभाऊ भेटले. नरेंद्रचं तोंड बघून त्यांनी विचारलं आणि नरेंद्रने सगळं सांगून टाकलं. माकडापासून बदामापर्यंत.

"कनाला एवरं टेन्शन घेताव?" हरिचंद्रभाऊ म्हणाले. "आमचा धर्मेश हाय ना! बैलांचे शर्यतीला तोच तं घड्याल लावतं. झेंडा पडला का घड्याल सुरू. एक जन भांडाला येत नाय, आनि शर्यतीन तं लोक कशावरून पन भांडतान."

नरेंद्रने कपाळावर हात मारून घेतला. ज्या मोटरसायकलवर बसून शूटिंग केलं, ती चालवणाराच हे घड्याळ लावत होता आणि तो उल्हासनगरला पापड खाऊन आला होता.

धर्मेशचं बिनजोड, म्हणजे बैलांच्या एकास एक शर्यतींच्या व्हिडिओचं मोठं चॅनल होतं. कर्जतपासून पनवेलपर्यंतचे बैलवाले ते बघत. त्याने गोठ्यातच खाटेवर बसून काम सुरू केलं आणि लाडक्याला वैरण पडायच्या आत संपवलं. "काका, बघून घ्या एकदा पूर्ण," त्याने मोबाइल पुढे केला.

नरेंद्रने मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला. वरच्या कोपऱ्यात पिवळे ठसठशीत आकडे. मनालीने पाऊल टाकलं, आणि शून्य हललं. त्याने व्हिडिओ ओढून शेवटच्या रेघेवर नेला. सात व्हायला अजून अवकाश होता. मनाली खरंच सांगत होती. नरेंद्रचे डोळे भरून आले.

"पूर्ण बघा ना, काका. खाली पट्टीत नावं बरोबर आहेत का?"

"घड्याळ बरोबर आहे ना? मग सगळं बरोबर आहे," नरेंद्र म्हणाला. "पाठवून दे संघटनेला. मुदत संपतेय. आणि तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

हे शेवटचं वाक्य पुढे अक्षरशः खरं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला त्याचा फोन वाजला. कर्जतकडचा कोणी अनोळखी माणूस होता.

"शेडगे शेठ का? मनालीचे मालक तुम्हीच ना?"

"काय?"

"धर्मेशने चॅनलवर टाकलंय, नाव फिरतंय सकाळपासून. मनाली, बदलापूर. व्हिडिओ नाही बघितला अजून, पण टायमिंग लई भारी ऐकलं. आदत आहे का चौसा?"

नरेंद्रला बैलांच्या दातांचं काही कळत नव्हतं, पण धोका कळला. "तुमची काहीतरी गफलत होतेय," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"गफलत कसली, नावाबरोबर नंबर फिरतोय ना तुमचा. बैलाला बाईचं नाव का ठेवलं ते कळलं नाही, पण ते असो. द्यायचा विचार आहे का?"

"अहो नाही! विकायची नाही!" नरेंद्र ओरडला.

मनाली पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "काय विकायची नाही?"

त्यानंतर व्हिडिओ दाखवण्यावाचून इलाज नव्हता. नरेंद्रनेही तो तेव्हाच पहिल्यांदा सगळा पाहिला. वर पिवळं घड्याळ. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत भगवी जाडजूड पट्टी, आणि तिच्यावर 'बैल : मनाली. मालक : श्री. नरेंद्र शेडगे, बदलापूर' आणि फोन नंबर. धर्मेशची पट्टी कायमची तयार असे, तो फक्त नावं बदली. बैल आणि मालक हे शब्द बदलावे लागतील असं त्याच्या मनातही आलं नव्हतं, कारण आजवर ते कधी बदलावे लागले नव्हते. मनालीने रेघ ओलांडली तेव्हा पडदाभर गुलाल उधळला आणि भोंगे वाजले.

नरेंद्र लाटण्याकडे लक्ष ठेवून उभा होता. लाटणं आलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला नंतर वाटलं. मनालीने व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला आणि कपाळाला आठ्या घालून बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "माझे पाय कुठे आहेत?"

पाय पट्टीखाली गेलेले दिसत होते. मांडीपर्यंत मनाली होती, त्याच्या खाली मालक नरेंद्र शेडगे.

"मूळ व्हिडिओ आहे ना?" ती म्हणाली. "तो दाखवा. तो पाठवू. विनंती करू त्यांना."

नरेंद्रने मूळ व्हिडिओ लावला. त्यावर पट्टी नव्हती, घड्याळ नव्हतं, माकड नव्हतं. वर भरपूर आभाळ होतं, घड्याळापुरतं मोकळं सोडलेलं. त्या आभाळाखाली मनाली गुडघ्यांपर्यंत चालत होती, आणि गुडघ्यांशी चित्र संपत होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"एवढे दिवस तुम्ही हाच व्हिडिओ बघत होता ना?" मनालीने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

मनालीने हात धुतले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तरी तो संघटनेच्या उल्हासनगरच्या ऑफिसात गेला. फोनवरचेच गृहस्थ टेबलामागे बसले होते. त्यांनी व्हिडिओ लावला आणि मान डोलावली.

"घड्याळ सुंदर आहे. कोणी केलं?"

"साहेब, त्या पट्टीचं जरा..."

"पट्टीचं आम्हाला काही नाही. पण चालण्याच्या शर्यतीत आम्ही पाय बघतो. पाय उचलले की टेकलेले. पाय दाखवा."

"पाय घरी आहेत," नरेंद्र म्हणाला.

गृहस्थांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. ते घड्याळाचं कलम पोहण्याच्या परिपत्रकातून आलंय. टाइप करताना काढायचं राहून गेलं. घड्याळ नसतं तरी चाललं असतं. वेळ आम्हाला व्हिडिओवरून कळते." आणि पुढचा कागद ओढत म्हणाले, "पुढच्या वर्षी या."

हे घरी सांगणं भाग होतं. मनालीने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि भांडी लावायला लागली. तिने आदळआपट केली असती तर नरेंद्रला सोयीचं झालं असतं. ती वाटीवर वाटी आवाज न करता ठेवत होती. नरेंद्रने रडवेल्या चेहऱ्याने पुण्याला फोन करून मुलीला सगळं सांगितलं. ऋतिका हसेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, आईला किती लागलं असेल." मग त्याने फोन ठेवला.

पुढचे काही दिवस मनाली चालायला गेली नाही. लाडक्या सकाळी बांधावर उभा राहून गेटकडे बघतो, असं हरिचंद्रभाऊ सांगून गेले. बैलवाल्यांचे फोन येत राहिले. नरेंद्र प्रत्येकाला "तो बैल नाही, माझी पत्नी आहे" असं सांगे आणि समोरचा माणूस माफी मागून फोन ठेवी.

मग एका शनिवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी मनाली म्हणाली, "स्वयंपाकघरातल्या घड्याळात नवा सेल घाला. पुढच्या वर्षीपर्यंत किती कमी होतं बघायचंय. उद्या धर्मेश मोबाइल धरेल. पायांवर. तुम्ही घड्याळ धरून उभे राहायचं. काही दाबायचं नाही."

नरेंद्रने धावत जाऊन सेल आणला. घड्याळाच्या पाठीत बसवला, काटे मोबाइलशी जुळवले आणि सकाळी ते दोन्ही हातांनी छातीशी धरून पट्टीच्या कडेला उभा राहिला. तोंड बाहेर, म्हणजे कॅमेऱ्याला दिसेल असं. त्यामुळे त्याला स्वतःला घड्याळ दिसत नव्हतं. हातात मोबाइल नव्हता. बघायला समोर मनालीच होती.

हरिचंद्रभाऊंनी रुमाल खाली टाकला आणि ती निघाली. टाच टेके, मग पाऊल, आणि ते उचलायच्या आत दुसरी टाच. धूळसुद्धा उडत नव्हती. ती त्याच्यासमोरून गेली, वळली, परत आली, आणि नरेंद्र वाकून, मान तिरपी करून तिच्या पायांकडे बघत राहिला. किती सुंदर चालते ही. दोन वर्षं ही रोज अशी चालत होती.

मनाली रेघेवर येऊन थांबली. कमरेवर हात ठेवून धापा टाकत तिने विचारलं, "किती?"

"एकदाही उचलला नाहीस," नरेंद्र म्हणाला. "पाय. एकदाही नाही. मी बघत होतो."

मनालीने त्याच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

"काका," धर्मेश मागून म्हणाला, "घड्याळ बंद आहे."

नरेंद्रने घड्याळ उलटं केलं. टेक्निकल माणसाने सेल उलटा बसवला होता. हरिचंद्रभाऊंनी तोंड फिरवून लाडक्याच्या पाठीवर थाप मारली. नरेंद्रला वाटलं, आता ही जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर फार बरं.

मनालीने ओढणीने घाम पुसला आणि ती चालत चालत सुरुवातीच्या रेघेकडे गेली.

"परत चालते," ती वळून म्हणाली. "धर्मेश, वेळ तू बघ. अहो, तुम्ही तिथेच उभे राहा आणि मगाशी बघत होतात तसे बघा."

नरेंद्र बंद घड्याळ छातीशी धरून उभा राहिला आणि बघायला लागला.